आधी वाच, मग बटण दाब

बसू नकोस. बहिणीला फोन झाला, टॅब जोडला गेला, म्हणजे प्रकरण मिटलं असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. उभाच राहा. उशिरा आलास त्याची नोंद हजेरीपटावर झाली आहे, त्यावर मी बोलत नाही. मला बोलायचंय ते तू दारात उभं राहून सांगितलेल्या कारणावर. "सर, रात्री दोनपर्यंत आजीचा टॅब घरच्या वायफायला जोडत बसलो होतो. नाहीच जोडला गेला. टॅबच खराब आहे."

हे मला कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं असतं तर मी त्याच्या टपरीवर जाऊन टॅब जोडून दिला असता, वर चहाही पिऊन आलो असतो. त्याचा तो विषय नाही. तुझा आहे. ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहेस तू. अँटेनाचा रेडिएशन पॅटर्न जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलायस. ओएसआयचे सात थर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवशील. आणि घरी त्यातला एक थर अडला तर तो कुठला, हे बघायचं सुचत नाही? मग ते सात थर पाठ करून उपयोग काय झाला? दिवेलागणीला मुलं शुभंकरोती म्हणतात तसं म्हणतोस तू ते.

काय काय केलंस ते क्रमाने सांग म्हटलं, तर चक्क छाती पुढे काढून सांगितलंस. टॅब बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. वायफायचा पासवर्ड बदलला. परत बदलला. मग राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून तो रिसेट केला. तरी जमेना म्हणून शेवटी टॅबच फॅक्टरी रिसेट मारला. एवढ्या उचापतींत स्क्रीनवर काय लिहिलंय ते एकदा तरी वाचलंस? मी एकच प्रश्न विचारला: टॅबच्या यादीत तुमच्या घरच्या नेटवर्कचं नाव दिसत होतं की नव्हतं? तू पंख्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बहुतेक नव्हतं, सर."

बहुतेक! ज्याला ही एवढी एक गोष्ट खात्रीने सांगता येत नाही त्याने रात्रभर जागून केलं काय?

अरे, नावच यादीत नाही तर पासवर्ड बदलून काय होणार? पासवर्ड विचारायची पाळीच आलेली नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव हवेत पुकारत असतो. त्याला बीकन म्हणतात, हे मी फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. दोन बीकनमध्ये सहसा 102.4 मिलिसेकंदांचं अंतर असतं, हेही तुझ्या वहीत आहे. नेटवर्कचं नाव काय, चॅनल कुठला, सुरक्षा कुठली, हे सगळं त्या बीकनमध्ये असतं. टॅबला ती हाक ऐकू आली की नाव यादीत उमटतं. नाही आली तर नाही उमटत. म्हणजे चौकशी तिथेच थांबवायची आणि तिथेच खणायचं. एकाच खोलीत मोबाइलला हाक ऐकू येते आणि टॅबला येत नाही, असं का? हा प्रश्न तू स्वतःला विचारला असतास तर अकरा वाजता झोपला असतास.

"टॅब खराब आहे" हे ठरवायलाही काही पद्धत असते. खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि टॅबच्या यादीत तो दिसतो का बघायचं. दिसला, जोडला गेला, की टॅबचा रेडिओ ठणठणीत. मग दोष टॅबमध्ये नाही आणि कदाचित राउटरमध्येही नाही; दोघांचं एकमेकांशी काय जमत नाहीये ते शोधायचं. तुझ्या बहिणीने आत्ता फोनवर हेच केलं. अकरावी कॉमर्सला आहे ती. मी सांगितलं तेवढंच केलं आणि जे दिसलं तेवढंच बोलली: "माझा हॉटस्पॉट दिसतोय सर, आपल्या घरचं नाव नाही दिसत." एका वाक्यात मला हवं ते सगळं मिळालं. मग तिला मोबाइलवर राउटरचं पान उघडून चॅनलचा आकडा वाचायला लावला. तिने वाचला: 13.

तुझ्या डोक्यात अजूनही प्रकाश पडलेला दिसत नाही. टॅब आला कुठून? आत्याने न्यू जर्सीहून आणलेला. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे 1 ते 13 चॅनल चालतात. अमेरिकेत व्यवहारात 11 वर थांबतात. तिकडच्या बाजारासाठी बनवलेली पुष्कळ उपकरणं 12 आणि 13 वर कानच देत नाहीत. सिमकार्डवाल्या मोबाइलला आपण कुठल्या देशात आहोत ते टॉवरवरून कळतं. आजींच्या टॅबला सिम नाही. तो सांगलीत आला तरी मनाने न्यू जर्सीतच राहिलाय. आणि जुना असल्यामुळे 5 गिगाहर्ट्झचा पट्टा त्याला ठाऊकच नाही, नाहीतर तिकडून तरी जोडला गेला असता. राउटरचा चॅनल 'ऑटो'वर, त्याने शोधून शोधून 13 निवडला. ऑटो काढून 6 केला, टॅबच्या यादीत नाव आलं. बिघाड कुणाचाच नव्हता. ना टॅबचा, ना राउटरचा.

आणि 6 च का म्हणालो, तेही विचारायचं सुचलं नाही ना तुला? या पट्ट्यात दोन शेजारच्या चॅनलमध्ये अंतर 5 मेगाहर्ट्झचं, आणि वायफायचा सिग्नल पसरतो 20 मेगाहर्ट्झवर. म्हणजे 11 पर्यंतच थांबायचं तर एकमेकांच्या पायात पाय न घालता नांदणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, कामाचा वेग कमी होतो पण काम चालतं. 3 वर जाऊन बसणारा शहाणा मात्र 1 लाही त्रास देतो आणि 6 लाही, आणि स्वतःलाही धड काही ऐकू येत नाही. गणपतीत दोन मंडळांच्या बरोबर मधल्या घरात राहिल्यासारखं. तुमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी राउटर आहे. कोण कुठल्या चॅनलवर आहे ते दाखवणारी ॲप फुकट मिळतात. रीलवर घालवतोस त्यातली पाच मिनिटं तिकडे घाल.

आता त्या टाचणीकडे येऊ. राउटरला ते भोक का ठेवलेलं असतं? राउटरच्या पानाचा पासवर्डच कुणाला आठवत नसेल, दुसरा काही मार्गच उरला नसेल, त्या वेळेसाठी. तू ते पहिल्याच रात्री वापरलंस. आणि त्याने काय पुसलं जातं हे ठाऊक होतं तुला? तुमची जोडणी पीपीपीओईची आहे. नेटवाल्याने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या पोटात भरलेला होता. तो दाखवल्याशिवाय पलीकडचा सर्व्हर दार उघडत नाही. टाचणी घातलीस आणि तो गेला. तो कागद घरात कुठे आहे? नाही माहीत. म्हणून आज सकाळी आठची आईची ऑनलाइन शिकवणी बुडाली. एका टॅबला नेट नव्हतं, तू सगळ्या घराचं घालवलंस. आता नेटवाल्या पोराला फोन करून तो येईपर्यंत वाट बघायची, आणि तो येऊन तुझ्या देखत दोन ओळी भरून जाईल तेव्हा त्याच्याकडे नीट बघ. त्याने डिप्लोमा केलेला नसेल कदाचित, पण कुठल्या खिडकीत काय भरायचं ते त्याला माहीत असतं, आणि भरल्यावर फोटो काढून ठेवायचीही त्याला सवय असते.

मध्येच तोंड उघडून म्हणालास, "पण सर, नेट नाही तर राउटरचं पान कसं उघडलं?" हा प्रश्न मला आवडला असता, पण तो शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारला म्हणून वाईट वाटलं. ते पान राउटरच्या पोटातच असतं. 192.168 ने सुरू होणारे पत्ते घरच्या घरात वापरायचे, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. नव्वदच्या दशकापासून ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. घरचं वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुला मी नव्याने सांगायचं का? राउटरपर्यंत पोचणं वेगळं, राउटरच्या पलीकडे जाणं वेगळं. टॅबवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असं येतं त्याचा अर्थ हाच असतो, आणि ते वाचून लोक पुन्हा पासवर्डच्या मागे लागतात. पासवर्ड बरोबर आहे म्हणून तर कनेक्टेड लिहिलंय! अँड्रॉइड जोडला गेला की गुपचूप गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो आणि तिकडून रिकामं उत्तर येतं का बघतो. 204 हा त्या रिकाम्या उत्तराचा आकडा. उत्तर आलं नाही की तो तुला प्रामाणिकपणे सांगतो, बाबा, घरात आलो पण बाहेर जाता येत नाही. यंत्र इतकं स्पष्ट बोलतं. आपणच वाचत नाही.

पायऱ्या मोजून घे, बोटांवर. हाक ऐकू आली का, म्हणजे नाव दिसलं का. मग ओळख पटली का. इथे पासवर्ड चुकला तर तसं स्पष्ट लिहून येतं. कॅपिटल अक्षर, शेवटी चिकटलेली मोकळी जागा, ओ आणि शून्य, एवढंच तपासायचं असतं. मग पत्ता मिळाला का. "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" यावर चाक फिरत राहिलं तर राउटर पत्ते वाटत नाहीये, किंवा त्याच्याकडचे वाटून संपलेत. मग बाहेर जाता येतं का. मग नाव दिल्यावर पत्ता सापडतो का: 8.8.8.8 ला पिंग जातो पण एकही साइट उघडत नाही, तेव्हा डीएनएसकडे बघायचं. हे सगळं तुला येतं. परीक्षेत पाच मार्कांना विचारलं तर आकृतीसकट लिहिशील.

आणि एक गोष्ट परीक्षेत विचारत नाहीत म्हणून आत्ता सांगतो. टॅब महिनोन्महिने कपाटात पडला, बॅटरी पार उतरली, की पुष्कळदा त्याचं घड्याळ मागे जातं. तारीख चुकीची असली की साइटची सर्टिफिकेटं त्याला खोटी वाटतात, आणि नाव दिसतंय, जोडला गेलाय, रेंज भरभरून आहे, तरी काही म्हणून उघडत नाही. तारीख सरळ केली की सगळं सुरू. लोक अशा वेळी दुकानात जातात आणि दुकानदार "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून पाचशे रुपये घेतो.

रेंजचं आलंय तर तुमच्या घरी तो राउटर कुठे ठेवलाय तेही बोलतो, कारण बहिणीने सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खणात, आणि शेजारी गोदरेजचं कपाट. आजींची खोली कपाटाच्या पलीकडे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ती लाकडातून जाते, विटेतून अर्धीमुर्धी जाते, लोखंडी पत्र्यातून जात नाही. टॅबवर चार काड्या दिसतात म्हणून तू खुशीत असतोस. त्या काड्या राउटरचा आवाज टॅबला किती ऐकू येतो एवढंच सांगतात. टॅबचा आवाज राउटरला ऐकू येतो का, ते त्यात नाही, आणि टॅबची ताकद राउटरहून कमी असते. म्हणून आजी म्हणतात ना, "अगं, तुझं मला ऐकू येतंय, माझं तुला येतंय का?", तेव्हा त्या काही वयामुळे गोंधळलेल्या नसतात. राउटर पॅसेजमध्ये, उंचावर, मोकळ्यावर ठेव. वायर पुरत नाही असं सांगू नकोस. दहा मीटर केबलला फार पैसे पडत नाहीत.

तू काय म्हणालास? "व्हिडिओत रिसेट करायला सांगितलं होतं." व्हिडिओवाल्याला तुझ्या घरचा चॅनल माहीत आहे? त्याला तुझी आत्या कुठे राहते ते माहीत आहे? रिसेट सांगणं त्याला परवडतं, कारण त्याने सगळ्यांचं काही ना काही होतं, आणि ज्यांचं वाटोळं होतं ते त्याच्याकडे तक्रार घेऊन जात नाहीत. रिसेट ही आळशी माणसाची दुरुस्ती आहे. कधी चालते, आणि का चालली ते कळत नाही. पुढच्या वेळी परत तेच. डोकं जिथल्या तिथे.

हे झालं न वाचण्याचं. आता जे वाचून मला घाम फुटला ते. बहिणीने राउटरचं पान उघडलं तेव्हा त्याने पासवर्ड मागितला. मी म्हटलं, "ॲडमिन टाकून बघ." उघडलं. तू म्हणशील, रिसेट केल्यावर तसंच होतं. बरोबर. पण ती पुढे म्हणाली, "आधीही तोच होता, सर, दादाने सांगितलेला." शाबास! 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर लाखांनी काबीज केले. कसे? फार मोठी विद्या लावली नव्हती. कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी, आणि तीच दारोदार फिरवून बघायची. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने अमेरिकेत भल्याभल्या साइट बंद पाडल्या. तुमच्या शोकेसमधला डबा त्या फौजेत भरती व्हायला कायम तयार होता.

आणि वायफायचा पासवर्ड वडिलांचा मोबाइल नंबर. कॅल्क्युलेटर काढ. काढ म्हणतोय ना! आपल्याकडे मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा 6 ते 9. म्हणजे एकूण शक्यता किती? चार गुणिले दहाचा नववा घात, 400 कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे. आता डब्ल्यूपीए2 या वायफायच्या सुरक्षेत पासवर्ड हवेतून जात नाही, दोन्ही बाजू एकमेकांना तो माहीत असल्याचं सिद्ध करतात. ती देवाणघेवाण बाहेर उभ्या माणसाने पकडली की तो घरी बसून, तुमच्या राउटरला हात न लावता, एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. प्रत्येक पासवर्ड नेटवर्कच्या नावाबरोबर 4096 वेळा दळला जातो, मुद्दाम, त्याला उशीर व्हावा म्हणून. तरीही एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. भाग दे. किती आले? 4000 सेकंद. तासाभराच्या थोडं वर. तेवढ्यात वडिलांचा नंबर हाती. आणि जन्मतारीख ठेवली असतीस, तर शंभर वर्षांत तारखा आहेत किती? साडेछत्तीस हजार. सेकंदही लागत नाही.

त्यावर नेटवर्कचं नाव म्हणजे आडनाव आणि फ्लॅट नंबर. चोराला पत्ताही दिलास. पासवर्ड न टाकता जोडून देणारं डब्ल्यूपीएसचं बटण चालू. त्याचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा नुसता तपासणीचा, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो: आधी चार, मग तीन. दहा हजार आणि एक हजार, मिळून अकराच हजार शक्यता. हे 2011 च्या डिसेंबरात जगजाहीर झालं. बंद करून टाक ते. नाव लपवायच्या फंदात मात्र पडू नकोस, मित्राने सांगितलं तरी. नाव लपवलं की तुझा मोबाइल जाईल तिथे स्वतःच ते पुकारत फिरतो, स्टँडवर, कँटीनमध्ये.

"सर, वायफाय चोरून कोण काय करणार, चार रील बघतील." हे म्हणालास तेव्हा तू हसत होतास. ऐक. 26 जुलै 2008, अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता. त्याचा आयपी ॲड्रेस शोधत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहणारा माणूस अमेरिकन. ईमेलशी त्याचा संबंध नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्यांनी वापरलेलं होतं. तरी चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका कॉलेजचं नेटवर्क वापरलं गेलं, आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं. 2009 च्या जानेवारीत मुंबई पोलिसांची माणसं उघडी वायफाय हुडकायला लॅपटॉप घेऊन रस्त्यावर उतरली. तू तेव्हा पाळण्यात होतास. पण आयपी ॲड्रेस आजही घराच्या नावावरच असतो, आणि तुमच्या घरचं कनेक्शन, तूच सांगितलंस, आजींच्या नावावर आहे.

हसू गेलं ना? बरं झालं.

तर नेटवाला येऊन गेला की काय करायचं ते लिहून घे. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदल. वायफायला चार-पाच असंबद्ध शब्द जोडून लांबलचक पासवर्ड दे, रोमन अक्षरांत. खलबत्ता, एसटी, भोपळा, रविवार, काहीही, फक्त घरातल्या कुणाचं नाव नको. आठ ते त्रेसष्ट अक्षरं चालतात, कंजूषपणा करू नकोस. सुरक्षा डब्ल्यूपीए2 वर ठेव, फक्त एईएस. नुसतं डब्ल्यूपीए3 लावलंस तर अँड्रॉइड 10 च्या आधीचा हा टॅब पुन्हा दाराबाहेर, आणि तू पुन्हा टाचणी शोधशील. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढ. सोसायटीच्या ग्रुपवर पासवर्ड टाकायची सवय मोड. आणि हे सगळं कागदावर लिहून तो आजींच्या पोथीच्या पिशवीत ठेव. घरात न हरवणारी जागा तेवढी एकच असते.

राहिला टॅब. तो जोडला गेलाय, पण उघडणार नाहीये, हे तुझ्या लक्षात आलेलं नाही. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, अशी सोय आहे की अकाउंट असलेला टॅब सेटिंग्जमध्ये न जाता बाहेरून बटणं दाबून पुसला, तर तो पुन्हा सुरू होताना आधीचंच गूगल अकाउंट मागतो. चोरासाठी केलेली सोय आहे ती. तू बटणं दाबूनच पुसलास ना? मग नेट आल्याबरोबर तो विचारेल, आधीचा ईमेल आणि पासवर्ड काय. आजींना ईमेल काय असतं ते माहीत नाही. त्यांना माहीत आहे की लाल चौकोन दाबला की कीर्तन लागतं आणि हिरवा दाबला की लेक दिसते. अकाउंट बहुधा आत्याने तिकडेच स्वतःचं घालून दिलं असणार. टॅबमधले फोटो त्या अकाउंटवर चढत असतील तर परत मिळतील. चढत नसतील तर गेले.

तिकडे आत्ता मध्यरात्र उलटून गेलीय. संध्याकाळी सहानंतर आत्याला फोन कर, तूच कर, आईला करायला लावू नकोस. आणि "टॅब बिघडलाय" असं सांगायचं नाही. मी पुसला, असं सांगायचं. जा, आता तुझ्या टेबलावर जा. सर्किट जोडायच्या आधी शीट वाच.